बाप्तिस्मा १८८३, विसावा १८९१: पंडिता रमाबाईंच्या आठ वर्षांचा प्रकरण अभ्यास

आमच्या मंडळीतल्या एका बहिणीचा नवरा वारला. सहा आठवडे झाले असतील नसतील, तिला प्रार्थनासभेत साक्ष द्यायला सांगितलं गेलं. ती उभी राहिली, "प्रभूने सांभाळलं" म्हणाली, सगळ्यांनी हालेलूया म्हटलं. त्यानंतर दोन वर्षं तिनं चर्चचा उंबरा ओलांडला नाही. मी घरी भेटायला गेले तेव्हा चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "मी त्या दिवशी खोटं बोलले हो ताई. मला अजून त्यांच्या चपला दारातून उचलवत नाहीत." चपला खरंच दारात होत्या, भिंतीला टेकवून नीट जोडीनं ठेवलेल्या.

त्या भेटीनंतर मी पंडिता रमाबाईंचं आयुष्य पुन्हा वाचायला घेतलं. आपल्याकडे त्यांची गोष्ट सांगतात ती अशी: विदुषी, विधवा, इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभारलं. यात बाप्तिस्मा आणि शांती एकाच दिवशी मिळाल्यासारखी वाटते. पण रमाबाईंनी स्वतः १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत वेगळंच सांगितलं आहे. बाप्तिस्मा झाल्यावर तब्बल आठ वर्षांनी आपल्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. माझं हे लेखन त्या आठ वर्षांपुरतं आहे. शोकग्रस्त माणसांबरोबर काम करणाऱ्या कोणालाही त्या वर्षांतून जेवढं शिकता येतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या साक्षीतून येतं, असं मला मनापासून वाटतं.

आधीचं ओझं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, तिनं ते मुलीला दिलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत पुराणं सांगे. होतं नव्हतं ते दानधर्मात घालवलं, उपास, स्नानं, व्रतं, अनुष्ठानं सगळं यथासांग केलं. आणि मग १८७४ चा तो काळ आला. जवळचं धान्य संपलं, भांडी विकून झाली, भीक मागायची लाज वाटे आणि अंगमेहनतीची सवय नव्हती. शेवटी रानात शिरून मरण पत्करायचं ठरलं. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्याचं रमाबाईंनी लिहून ठेवलंय. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. निरोप घेताना धाकटी म्हणून रमेला जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. मोठा भाऊ श्रीनिवास आडवा आला, मी मजुरी करतो म्हणाला, आणि सगळे रानाबाहेर पडले. पण वडील त्यातून उठले नाहीत. पुढे थोड्याच आठवड्यांत आई गेली, काही महिन्यांत थोरली बहीण.

आईच्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. भुकेनं व्याकूळ आईसाठी ही मुलगी शेजारच्या दारात गेली, तोंडातून शब्द फुटेना, रडत रडत कसाबसा भाकरीचा तुकडा मागितला. बाजरीची भाकरी मिळाली, पण आईला ती खाण्याचीही ताकद उरली नव्हती. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, चौथी रमा. उंची कमी, म्हणून तिच्या बाजूचा भार तिनं डोक्यावर घेतला. वय सोळाच्या आसपास.

पुढे बहीणभाऊ पायी हिंदुस्थान तुडवत राहिले. उत्तरेच्या थंडीत पांघरायला काही नसे, तेव्हा नदीकाठी वाळूत खड्डे खणून त्यात झोपत आणि डोकं सोडून सगळं अंग कोरड्या वाळूनं झाकून घेत. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे किताब दिले. १८८० मध्ये ढाक्याला भाऊ गेला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह केला. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला.

आठ वर्षांच्या आत पाच मरणं, आणि पदरात दहा महिन्यांचं मूल.

या दुःखाला एक खास पदर आहे, तो समुपदेशकानं सोडू नये. या घरानं देवाला प्रसन्न करण्यासाठी सांगितलेलं सगळं केलं होतं. काहीही राहिलं नव्हतं. तरी आई भाकरीच्या तुकड्यावाचून गेली. अशा मुलीच्या मनात खोलवर काय बसतं? कृपा कमवावी लागते, आणि कमवूनही ती मिळेल याची खात्री नाही. माणूस पुढे धर्म बदलतो, देश बदलतो, पण हा धडा तसा सहजी निघत नाही. मी या प्रकरणाचा गाभा इथंच धरते.

वाँटेजमधला सप्टेंबर

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे स्त्रियांना वैद्यकी शिकवायला हवी म्हणून साक्ष दिली. १८८३ च्या वसंतात स्वतः डॉक्टर व्हायच्या इराद्यानं इंग्लंडला निघाल्या. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. पुण्यात ओळख झालेल्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या वाँटेजच्या मठात तिघी उतरल्या.

तिथं जे घडलं ते आपल्या प्रवचनांतून बहुतेक वेळा गाळलं जातं. परमुलखात आनंदीबाईंच्या मनाचा तोल गेला. आपल्याला दोघींना जबरदस्तीनं ख्रिस्ती करणार ही भीती त्यांच्या मनात बसली. एका रात्री त्यांनी रमाबाईंचाच गळा दाबायचा प्रयत्न केला आणि पुढे स्वतःचं जीवन संपवलं, असं ऑक्सफर्डचे संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी लिहिलंय. त्यानंतर रमाबाई त्यांच्याकडे ऑक्सफर्डला राहायला आल्या, तेव्हा इतक्या खचलेल्या होत्या की रोज रात्री त्यांच्या खोलीत एका मोलकरणीला झोपवावं लागे. पंचवीस वर्षांची, भर सभेत पंडितांना निरुत्तर करणारी बाई. तिला अंधारात एकटं झोपवत नव्हतं.

आणि या घटनेपासून काही आठवड्यांच्या अंतरातच, २९ सप्टेंबर १८८३ ला, मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

मी हे लिहिते ते बाप्तिस्म्याच्या खरेपणावर शंका घ्यायला नव्हे. त्यामागचं कारण रमाबाईंनी स्पष्ट सांगितलंय. लंडनजवळ फुलहमला धर्मभगिनींनी चालवलेलं एक घर होतं, समाजानं 'वाया गेलेल्या' म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठी. त्या बायकांशी भगिनी ज्या मायेनं वागत ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. असं का, म्हणून विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीचा. स्त्रियांना उचलून घेणारा तारणारा हाच, हे त्यांच्या बुद्धीला पटलं. निर्णय पूर्ण विचारानं घेतलेला होता.

पण बुद्धीला पटणं एका जागी होतं आणि जखम दुसऱ्या जागी. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं आनंदीबाईंची ती रात्र पुसली गेली नाही, आईच्या तोंडाजवळची भाकरी पुसली गेली नाही. डॉक्टर व्हायची वाटही कानांनी अडवली. ऐकू कमी येऊ लागल्यानं वैद्यकीचा अभ्यास अशक्य ठरला. म्हणजे बाप्तिस्म्याच्या आगेमागे आणखी दोन गोष्टी हातातून गेल्या, मैत्रीण आणि इंग्लंडला येण्याचं कारण. मायदेशी वर्तमानपत्रांतून टीका सुरू झाली ती वेगळीच.

आजीबाईंना पत्रं

पुढची काही वर्षं चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकण्या-शिकवण्यात गेली. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार हा या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा दस्तऐवज आहे. जेराल्डीनबाईंना त्या पत्रात मराठीतच 'आजीबाई' म्हणत. आणि या आजीबाईंशी त्यांचं अखंड भांडण चाले.

त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा, सिद्धान्त मला जसा शिकवता तसा मानवत नाही, असं रमाबाई लिहीत. भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता लगेच दुसरं तसंच जू घेणार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये निक्षून कळवलं. क्रुसावर लॅटिन अक्षरं का? मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांना येत नाही, संस्कृत शब्द असू देत, असा आग्रह धरला. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्या खात नसत. जेराल्डीनबाईंना या सगळ्यात गर्व दिसला, नव्या विश्वासणाऱ्याला न शोभणारा हट्ट दिसला.

मला यात बरं होणं दिसतं. जिच्या हातात सोळाव्या वर्षापासून काहीच राहिलं नव्हतं, कोण जगणार, कोण मरणार, कुठं झोपायचं, काय खायचं, यातलं काहीच, ती बाई आता "नाही" म्हणत होती, आणि "नाही" म्हटल्यावर समोरचं माणूस निघून जात नव्हतं. आजीबाई रागावत, उत्तर लिहीत, पुन्हा रागावत. दुखावलेल्या माणसाला असं न तुटणारं भांडण कधी कधी फार लागतं. जेराल्डीनबाईंनी ती पत्रं जन्मभर जपली, म्हणून ती आज आपल्यापुढे आहेत. टीकेची पत्रं कोणी जपत नाही. त्या बाईंची माया त्यांच्या उपदेशापेक्षा मोठी होती, असं मी धरून चालते.

आपल्या मंडळ्यांत मात्र प्रश्न विचारणाऱ्या शोकग्रस्ताला 'विश्वासात कमी' ठरवायची घाई असते. पवित्र शास्त्रात तसं नाही. स्तोत्रसंहितेतलं ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला शेवटी कोणी स्तुतीचं कडवं जोडलेलं नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली निजून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाजलेली भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. वाटचाल त्यानंतर.

कामातली वर्षं

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोनेक वर्षं अमेरिकेतच फिरत राहिल्या. व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, बोस्टनला त्यांच्या कामाला पाठबळ देणारी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, विधवांसाठीची निवासी शाळा, सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं.

कामानं माणूस सावरतं हे खरं, आणि कामात माणूस लपतं हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. बाहेरून बघणाऱ्याला या काळातल्या रमाबाई पूर्ण सावरलेल्या दिसल्या असत्या. आतली हकीकत त्यांच्याच साक्षीत आहे: मनावरचं ओझं हलकं झालं नव्हतं, आपल्या पापी जिवाचं काय करावं ते कळत नव्हतं.

१८९१

जे घडलं ते कुठल्या मोठ्या सभेत घडलं नाही. विल्यम हॅस्लॅम नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. हा माणूस दीक्षा घेऊन वर्षानुवर्षं पाळकाचं काम करत होता, चर्च बांधत होता, आणि १८५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या आपल्याच व्यासपीठावरून उपदेश देता देता त्याला नवा जन्म मिळाला. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. धर्माचं सगळं असूनही मुख्य ते नसतं, असं होऊ शकतं? मग त्यांनी स्वतःकडे पाहिलं आणि शास्त्र पुन्हा उघडलं.

त्यांनी जे सांगितलंय ते माझ्या शब्दांत असं. देव ख्रिस्ताद्वारे देतो ते तारण पुढे कधीतरी मिळायचं नाही, ते आत्ता आहे. त्यासाठी जन्ममरणाचे फेरे घालायला नकोत, पुण्य साठवायला नको, लायकी सिद्ध करायला नको. आपण आपल्या शेवटापर्यंत आलो, कुठलीही अट न घालता स्वतःला सोपवून दिलं, आणि आनंदानं भरून गेलो.

वरवर हा धर्मशास्त्राचा मुद्दा वाटतो. पण रानातल्या त्या अकरा दिवसांशेजारी ठेवून तो वाचा. सगळं करूनही जिच्या घराला काही मिळालं नव्हतं, तिला पहिल्यांदा काही न करता मिळालं. बाप्तिस्मा तिनं विचारपूर्वक घेतला होता, पण माझ्या मते तोही तिच्या मनानं कुठंतरी अनुष्ठानाच्याच खात्यावर टाकला होता: आता हेही केलं. १८९१ मध्ये खातंच बंद झालं. सोळाव्या वर्षी बसलेली गाठ तेहेतिसाव्या वर्षी सुटली. मधल्या आठ वर्षांतली भांडणं, प्रवास, शाळा, कामाचे ढीग यातलं काही वाया गेलं असं मला वाटत नाही. ती गाठ सैल होत होती.

यानंतर सुखाचे दिवस आले असं मात्र नाही. शारदा सदनात धर्मांतर होतंय या आरोपावरून १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं, पालकांनी वीसपंचवीस मुली काढून नेल्या, पुण्यातले आधार देणारे सुधारकही दूर झाले. फरक कुठं पडला ते पुढच्या दुष्काळात दिसलं.

केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपलं रान आठवलं, आणि तेव्हाच, वीसेक वर्षांनी, त्यांनी स्वतःचे दुष्काळाचे अनुभव पहिल्यांदा सविस्तर लिहून काढले. इतकी वर्षं मुठीत धरलेली गोष्ट हात उघडून दाखवता येते, तेव्हा ती हातात चटके देईनाशी झालेली असते. आमच्या कामात ही खूण आम्ही मनाशी टिपून ठेवतो.

लिहून त्या थांबल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन उपासमारीनं सांगाडे झालेल्या सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला घेतलेल्या शेतावर सोय केली. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ही संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तिथंच 'कृपासदन' उभं राहिलं, समाजानं टाकलेल्या बायकांसाठी. फुलहमला १८८३ मध्ये ज्या दारात उभं राहून त्यांनी "असं का?" म्हणून विचारलं होतं, तसंच दार त्यांनी दौंड तालुक्यात उघडलं, आणि आत घेताना कोणाची लायकी विचारली नाही. नाव 'कृपा' ठेवलं यात मला १८९१ चं सगळं दिसतं.

एक नोंद करायला हवी. याच जागी १९०५ मध्ये मोठं संजीवन, म्हणजे सामूहिक आध्यात्मिक जागृती, झालं. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत. लोक ती घटना पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यासाठी सांगतात, आणि सांगावीच. पण त्या मुलींपैकी पुष्कळ जणी भुकेनं आईबाप गेलेल्या होत्या. त्यांना मोठ्यानं, मोकळेपणानं, कोणी गप्प न करता रडायला जागा मिळाली, हेही त्या संजीवनाचा भाग होतं.

शेवटची वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण त्यांना शेतातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी हवी होती. कान जवळजवळ गेले होते. २४ जुलै १९२१ ला मनोरमा मिरजेला वारली, चाळीस वर्षांची. वाँटेजला आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेलं ते मूल, आणि आईच्या कामाचा सगळा भार पेलणारी लेक. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. सहावं मरण, आनंदीबाई भगतांचं, त्यांना इंग्लंडात अंधाराची भीती देऊन गेलं होतं. या सातव्यानंतर त्या मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.

छापखाना मुक्तीतलाच होता आणि खिळे जुळवणाऱ्या बायकाही तिथल्याच, कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या. "हे परमेश्वरा, किती वेळ?" म्हणून विचारणारी तेराव्या स्तोत्राची ओळसुद्धा त्यांनीच जुळवली, एकेक अक्षर बोटांनी उचलून.